गर्भाची वाढ: आठवडे कुठून मोजायचे आणि कोणत्या आठवड्यात काय घडतं

कवडसा

गरोदरपणाच्या जवळजवळ प्रत्येक धाग्यावर एक प्रश्न हमखास येतो. रिपोर्टवर सहा आठवडे लिहिलेत, आमच्या हिशेबाने चारच होतात, मग चुकलं कोण? चुकलेलं कोणीच नसतं. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती तारीख बहुतेकींना ठाऊक असते. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे ४० आठवड्यांच्या, २८० दिवसांच्या या हिशेबात पहिले दोन आठवडे गर्भ अस्तित्वातच नसतो. या धाग्यावर सगळ्यांनी पाळीचेच आठवडे धरावेत, नाहीतर एकमेकांचं बोलणं जुळणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात बीजांड गर्भनलिकेत फलित होतं आणि सहा-सात दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागतं. चौथ्याच्या शेवटी पाळी चुकते. पाचव्या आठवड्यात गर्भ म्हणजे पेशींची एक चपटी, तीन थरांची चकती असते. तिच्या मधोमध खाच पडते, कडा उचलल्या जाऊन एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. नळी मधून मिटायला सुरुवात होते आणि दोन्ही टोकं शेवटी बंद होतात: डोक्याकडचं टोक फलनानंतर २५व्या दिवसाच्या आसपास, खालचं २८व्याच्या. पाळीच्या हिशेबात सहा आठवडे भरेपर्यंत काम संपलेलं असतं. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदूच नीट बनत नाहीत, खालचं राहिलं तर स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा उघडा राहण्याचा दोष.

आता याचा व्यवहारातला अर्थ पाहा. पाळी चुकली, आठवडाभर वाट पाहिली, मग चाचणी केली, मग अपॉइंटमेंट मिळाली, तोवर सातवा-आठवा आठवडा उजाडतो. तिथे लिहून दिलेलं फोलिक ॲसिड रक्तवाढीसाठी उपयोगी आहेच, पण या नळीसाठी उशीर झालेला असतो. म्हणून ते मूल हवं असं ठरल्यापासून, निदान गर्भधारणेच्या महिनाभर आधी सुरू करायचं: रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला असा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर मात्रा ५ मिलिग्रॅमपर्यंत जाते, ती डॉक्टरांनी ठरवायची.

हृदय पाचव्या आठवड्याच्या अखेरीस धडधडू लागतं, पण तेव्हा ती वाकडी होत जाणारी एक नळीच असते. चार कप्पे होईपर्यंत दहावा आठवडा येतो. हातापायांचे कोंब सहाव्या-सातव्यात, बोटं सुटी होतात दहाव्याच्या सुमारास. आतडी इतक्या वेगाने वाढतात की पोटात मावत नाहीत. आठव्या आठवड्याच्या सुमारास ती नाळेच्या मुळाशी बाहेर सरकतात आणि बाराव्यापर्यंत परत आत येतात. दहाव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये बेंबीपाशी फुगवटा दिसला म्हणून कोणी दोषाचं निदान करत नाही, ते यामुळेच.

मोगरा७

तोंडातली टाळू कधी जुळते? ग्रहणात सुरी हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो, हे आमच्याकडे अजून सांगतात.

कवडसा

वरचा ओठ नवव्या आठवड्यापर्यंत जुळलेला असतो, टाळू बाराव्यापर्यंत. पाचव्या महिन्यात ग्रहण आलं आणि कोणी भाजी चिरली, तर जुळून दोन महिने झालेला ओठ पुन्हा कसा फाटेल? आनुवंशिकता, धूम्रपान, काही औषधं, आईचा अनियंत्रित मधुमेह ही खरी कारणांची यादी, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. ग्रहणाचं जेवण टाळून दिवसभर उपाशी ठेवलेल्या गरोदर बाईला चक्कर येते, एवढा ग्रहणाचा परिणाम मात्र खरा.

नर्मदातीर

सोनोग्राफीच्या बाजूने भर घालतो. आतून केलेल्या तपासणीत साधारण पाच आठवड्यांना पिशवी दिसते, साडेपाचला तिच्यात योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी थैली), सहाला गर्भ आणि ठोके. सहाव्या आठवड्यात ठोके मिनिटाला ११० च्या आसपास, नवव्यात १७० पर्यंत चढतात, मग उतरून ११० ते १६० मध्ये स्थिरावतात. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, म्हणजे रिपोर्टवरचं सीआरएल, सातव्या आठवड्याला १ सेंटिमीटर, नवव्याला सव्वादोन, बाराव्याला सव्वापाच-साडेपाच.

गर्भाचं वय ठरवायला या सीआरएलइतकं नेमकं माप पुढे कधीच मिळत नाही. या टप्प्यात सगळी बाळं जवळजवळ एकाच वेगाने वाढतात. उंच आईबाप, बुटके आईबाप, चांगलं खाणारी, ओकाऱ्यांनी बेजार झालेली, काही फरक पडत नाही. नियम असा: नऊ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी पाळीच्या तारखेत आणि सीआरएलमध्ये ५ दिवसांहून जास्त फरक असेल, किंवा ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान ७ दिवसांहून जास्त, तर प्रसूतीची तारीख सोनोग्राफीप्रमाणे बदलायची. एकदा ठरली की ठरली.

ठोके दिसत नाहीत म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. गर्भ ७ मिलिमीटर किंवा मोठा असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नाही, तरच त्या तपासणीवर गर्भ वाढत नाही असं म्हणता येतं. त्याखालच्या मापांत आठवडा-दोन आठवडे थांबून पुन्हा पाहायचं. पाळी ३५ दिवसांनी येणाऱ्या बाईत बीजांड २१व्या दिवसाच्या आसपास सुटतं. तिचे 'सात आठवडे' प्रत्यक्षात सहाच असतात आणि रडारड उगाच होते.

आडवाट

एकदा ठरली की ठरली म्हणता, पण दर सोनोग्राफीच्या कागदावर नवी ड्यू डेट छापून येते. पहिल्यावर १० मे, पाचव्या महिन्यात १५ मे, आठव्यात २८ मे. घरचे शेवटचीच खरी धरतात, ताजी म्हणून.

नर्मदातीर

ताजी तारीख सगळ्यात कमी विश्वासाची असते. मशीन डोकं, पोट आणि मांडीच्या हाडाची मापं घेतं, सरासरी बाळाच्या तक्त्यात शोधतं आणि 'या मापाचं सरासरी बाळ अमुक आठवड्यांचं असतं' एवढंच सांगतं. आठव्या महिन्यात दोन निरोगी बाळांत तीन आठवड्यांचा फरक सहज दिसू शकतो. तुमच्या उदाहरणात १० मे कायम ठेवायची. २८ मेचा अर्थ तारीख पुढे गेली असा काढायचा नाही. बाळ सरासरीपेक्षा अडीच आठवड्यांनी लहान भरतंय, असा काढायचा, आणि का लहान आहे ते शोधायचं. तारीख पुढे ढकलून हा प्रश्न 'सोडवला' की वाढ खुंटलेलं बाळ नॉर्मल म्हणून घरी पाठवलं जातं. माझ्या मते या साऱ्या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आता मापं वाचायची कशी. एकटं डोकं किंवा एकटं मांडीचं हाड आठवड्याने मागे असेल तर बहुतेक वेळा काही नसतं. पायाळू बाळाचं डोकं लांबट होतं आणि आडवं माप कमी भरतं, अशा वेळी डोक्याचा घेर पाहायचा. पोटाचा घेर मात्र गांभीर्याने घ्यायचा, कारण अन्न कमी पडलं की आधी यकृतातला साठा आणि पोटाची चरबी घटते. डोकं बरोबर, पोट मागे, हे वारेतून (प्लासेंटातून) पुरवठा कमी पडत असल्याचं नेहमीचं चित्र आहे. पुढची पायरी म्हणजे नाळेच्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी. आणि वाढ पाहायला पुन्हा सोनोग्राफी करायची तर मधे निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत. आठवड्यात जेवढी वाढ होते, तेवढी मोजण्यातलीच चूक असते.

वजनाचा अंदाज: २० आठवड्यांना ३०० ते ३५० ग्रॅम, २८ ला एक किलोच्या थोडं वर, ३२ ला पावणेदोन किलोच्या आसपास, ३६ ला अडीच ते पावणेतीन. मशीनचा आकडा १० ते १५ टक्के इकडेतिकडे असतो. छापील ३.० किलो म्हणजे २.६ही असू शकतं आणि ३.४ही.

सांजवारा

औषधांबद्दल 'पहिले तीन महिने सांभाळा, मग काही हरकत नाही' असं सर्रास म्हणतात. ते अर्धवट आहे. कवडसा यांनी वर जे वेळापत्रक दिलं, त्याच्याशी औषध ताडून पाहावं लागतं.

फलनानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नुकसान झालं तर गर्भ बहुधा टिकतच नाही, टिकला तर सहसा दोषाविना वाढतो. अवयव घडण्याचा काळ त्यापुढचा. थॅलिडोमाइड १९५७ साली जर्मनीत बाजारात आलं आणि १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. त्या बाळांच्या अभ्यासातून कळलं की हातपाय बिघडवणारा काळ फलनानंतर २० ते ३६ दिवस एवढाच होता. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन आणि फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे आजचे धोके. दोन्ही बाबतींत गर्भधारणेआधीच औषध बदलायचं असतं. फिट्सचं औषध घाबरून स्वतःहून एकदम बंद करणं आणखी वाईट, कारण आईला झटका आला की बाळाचा प्राणवायू तुटतो.

काही औषधांचा त्रास उशिरा सुरू होतो. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या गटांच्या गोळ्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत बाळाची मूत्रपिंडं बिघडवतात. डॉक्सिसायक्लिनने चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पुढे दुधाच्या दातांवर डाग पडतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक २० आठवड्यांनंतर घेत राहिल्यास बाळाची लघवी आणि पर्यायाने गर्भजल कमी होतं, आणि ३० च्या पुढे हृदयाजवळची जी वाहिनी जन्मापर्यंत उघडी राहायला हवी ती आधीच मिटू लागते. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून दुखण्यावरची 'ती लाल गोळी' आणून खाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. अंगदुखी-तापासाठी पॅरासिटामॉल, तेही गरजेपुरतं आणि विचारून.

मोगरा७

बाळाच्या लघवीचा आणि गर्भजलाचा संबंध जरा उलगडून सांगाल का? पाणी कमी म्हटलं की सगळे नारळपाणी पाजायला लागतात.

कवडसा

सुरुवातीला गर्भजल आईच्या रक्तातून आणि पडद्यांतून झिरपतं. मूत्रपिंडं दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमारास लघवी करू लागतात आणि १६ नंतर पाण्याचा मोठा भाग तीच असते. बाळ ते गिळतं, आतड्यांतून शोषतं, पुन्हा लघवी करतं. म्हणून पाणी फार कमी असेल तर प्रश्न तीन: पिशवी फुटून गळतंय का, मूत्रपिंडं आणि मूत्रमार्ग ठीक आहेत का, आणि वारेतून रक्त पुरेसं येतंय का? उलट, अन्ननलिका बंद असलेलं बाळ गिळू शकत नाही, तेव्हा पाणी वाढतं. आईच्या मधुमेहातही वाढतं.

सगळ्यात खोल पोकळी २ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा चारही भागांची बेरीज ५ पेक्षा कमी म्हणजे पाणी कमी, पोकळी ८ च्या वर म्हणजे जास्त. आई तहानलेली असेल तर भरपूर पाणी पिऊन आकडा थोडा सुधारतो, त्यासाठी नारळच लागतो असं नाही. पण पिशवी गळत असेल किंवा वार कमजोर असेल तर घडे रिकामे करूनही उपयोग नाही. पाचव्या महिन्यात पाणी जवळजवळ नसणं जास्त गंभीर, कारण फुप्फुसं पसरायला त्या पाण्याचा दाब लागतो. त्याशिवाय ती खुरटी राहतात.

नर्मदातीर

तपासण्यांच्या वेळांबद्दल. मानेमागच्या पाण्याचं माप, म्हणजे एनटी, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या खिडकीतच घेतात, सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. सोबत डबल मार्कर ही रक्ततपासणी. दोन्हींतून डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांची शक्यता किती ते कळतं. यात 'लो रिस्क' आलं म्हणजे दोष नाहीच असं नव्हे, शक्यता कमी एवढंच. 'हाय रिस्क' म्हणजेही निदान झालं नाही. निदान गर्भजलाच्या किंवा वारेच्या नमुन्यावर होतं.

अवयवांची सविस्तर तपासणी १८ ते २० आठवड्यांत करून घ्यावी. मूल जरा मोठं दिसेल म्हणून २३ व्या आठवड्यात येणारे लोक एक गोष्ट विसरतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं लागतं, गर्भातला गंभीर दोष हे त्यांपैकी एक. २४ नंतर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. काही सापडलंच तर पुन्हा तपासणी, हृदयाचा इको, गर्भजलाचा अहवाल यांत दोन-तीन आठवडे सहज जातात.

धागासंपादक

मुलगा-मुलगी ओळखण्याबद्दलचे दोन प्रतिसाद काढले आहेत. पोटाचा आकार आणि ठोक्यांचा वेग यांवरून काहीही कळत नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये यावर देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. इथे तो विषय नको.

राजगिरा

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण लाडवांवर वेगळे धागे भरपूर आहेत. पहिल्या तिमाहीत 'दोघांचं' खायची गरज नाही, तीन महिन्यांचा गर्भ फार तर पंधरा-वीस ग्रॅमचा असतो. ओकाऱ्यांनी दोन किलो उतरले तरी बाळ त्यामुळे लहान होत नाही. खरी ओढ शेवटच्या तीन महिन्यांत लागते. जन्मतः बाळाच्या हाडांत साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं बहुतेक याच काळात जातं. लोहाचा साठाही तेव्हाच भरतो.

सरकारी केंद्रात मिळणारी लोहाची लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची असते, चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ही दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत, निदान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह शोषलंच जात नाही. चहाचंही तेच. लिंबू किंवा आवळ्यासोबत घेतलेलं उत्तम. काळी शी होते, घाबरू नये. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली असेल तर घरगुती उपाय करत बसायची वेळ गेली.

साखर: आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर ओलांडते. बाळ ती संपवायला स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि चरबी साठवतं. मोठं, गुबगुबीत जन्मलेलं हे बाळ नाळ कापल्यावर तासाभरात साखर उतरून सुस्तावू शकतं. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली चाचणी टाळू नये. पहिल्या भेटीत एकदा, २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. १४० किंवा जास्त आली तर उपचार लागतात. केशराने बाळाचा रंग बदलत नाही, फक्त दुधाचा बदलतो.

काजवा_२४तास

नवजात अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांच्या नजरेतून. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' ही समजूत पूर्ण उलटी आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा फायद्याचा. फुप्फुसांच्या फुग्यांना आतून चिकटू न देणारं सरफॅक्टंट २४ आठवड्यांच्या सुमारास बनू लागतं आणि पुरेसं व्हायला ३४-३५ उजाडतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांची सांगड ३४ च्या आसपास बसते, त्याआधीच्या बाळाला नळीने दूध द्यावं लागतं. ३५ व्या आठवड्याला मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या सुमारे दोन तृतीयांश असतं. मुहूर्तासाठी ३६ व्या आठवड्यात सिझेरियन मागणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. बाहेरून बाळ तयार दिसतं, आत कामं बाकी असतात.

२४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांनी एक अशी चार, किंवा बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम, २४ तासांच्या अंतराने दोन. फुप्फुसं लवकर पक्की होतात, मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन तिथेच द्यावं. 'स्टेरॉइड' शब्द ऐकून नातेवाईक नको म्हणतात आणि मोलाचे तास जातात.

आडवाट

हालचाली मोजायच्या कशा? ॲपवाले काहीही सांगतात.

काजवा_२४तास

पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांत जाणवतात, दुसऱ्या खेपेला १६ पासूनही. वार पुढच्या भिंतीवर असेल तर आणखी उशिरा. २८ नंतर मोजायला लागा. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा भरल्या की झालं, बहुतेकींच्या पाऊण तासातच भरतात. उचक्या धरायच्या नाहीत. बाळ २० ते ४० मिनिटं झोपतं, क्वचितच दीड तासाच्या वर.

'शेवटी जागा कमी पडते म्हणून हालचाल कमी होते' हे ऐकून घरी थांबू नका. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथांऐवजी सरकणं-वळणं जास्त जाणवतं, पण संख्या घटत नाही. नेहमीपेक्षा स्पष्ट कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. घरच्या डॉपलरवर ठोके ऐकून खात्री करून घेऊ नका. बाळ अडचणीत असतानाही ठोके असतातच, आणि पुष्कळदा ऐकू येतात ते आईचेच.

मोगरा७

शेवटचा प्रश्न. २० आठवड्यांच्या रिपोर्टवर 'वार खाली आहे' लिहिलंय आणि 'नाळेचा एक वेढा मानेभोवती'. पूर्ण विश्रांती लागते का?

नर्मदातीर

वेढा २० आठवड्यांत लिहूच नये असं माझं मत आहे. बाळ दिवसातून कितीदा तरी गुंडाळतं आणि सोडवतं. प्रसूतीच्या वेळीही चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती वेढा असतो आणि बहुतेक नीट जन्मतात. त्यावरून सिझेरियन ठरत नाही.

वारेचं वेगळं. गर्भाशयाच्या तोंडापासून २ सेंटिमीटरच्या आत कड असेल तर वार खाली म्हणतात. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे ताणला जातो आणि बहुतेकींची कड आपोआप वर जाते. ३२ आठवड्यांना आतून सोनोग्राफी करून अंतर मोजायचं. ती सुरक्षित आहे, वारेला धक्का लागत नाही. तोवर पडून राहायची गरज नाही, उलट सतत पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. वार तोंडावरच असेल तर शरीरसंबंध टाळावा, आणि रक्त दिसलं तर दुखत नसलं तरी लगेच निघायचं. आधीचं सिझेरियन असून वार पुढून खाली असेल, तर ती जुन्या व्रणात रुतलेली नाही ना हे रेडिओलॉजिस्टला मुद्दाम पाहायला सांगा आणि प्रसूती रक्तपेढी असलेल्या ठिकाणीच ठरवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांचं ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं बनू न देणारं इंजेक्शन) आहेच, पण मधे रक्तस्राव झाला तर ७२ तासांच्या आत वेगळं द्यावं लागतं.